लिंबाच्या झाडाखालची वेधशाळा

"पावणेतीन!" अंगणाच्या मधोमध उभे राहून प्रोकोलो आजोबा ओरडले.

"अडीच," जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून एर्सिलियाबाई म्हणाल्या. "अडीचच्या वर तसूभरही नाही."

"अहो, माझ्या ताटातलं सूप सांडलं!"

"तुमचा हात कापतो. त्याला जमीन काय करणार?"

मी त्या दोघांच्या मध्ये, कोपरापर्यंत साबणाच्या फेसाने भरलेले हात घेऊन उभी. भांडी घासत असताना घंटा वाजली, सगळे अंगणात पळाले म्हणून मीही पळाले. इटलीत येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता, त्यामुळे ते काय बोलतायत हे काही कळलं नाही. दोन महिन्यांनी कळायला लागलं तेव्हा लक्षात आलं की भूकंप किती रिश्टरचा यावरून हे दोघे रोज हेच बोलतात. त्या अर्थी पहिल्या दिवशीही हेच बोलले असणार.

मी वसईची, गिरीजची. सिस्टर सेलिन तुस्कानो. आमच्या वडिलांची पानवेल आणि केळीची बाग. व्रत घेतल्यावर नर्सिंग शिकले आणि सव्विसाव्या वर्षी आमच्या संस्थेने मला नेपल्सजवळच्या पोझ्झुओली गावातल्या वृद्धाश्रमात पाठवलं. साल त्र्याऐंशी. नाव ऐकून प्रोकोलो आजोबा म्हणाले होते, "तुस्कानो? म्हणजे तोस्काना प्रांतातली! तरीच हिला आमचं बोलणं कळत नाही. तिकडची माणसं अशीच." तेव्हापासून सगळा आश्रम मला 'सुओर तोस्काना' म्हणायचा. सुओर म्हणजे सिस्टर.

ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टोकदार डोंगर येतो. पोझ्झुओलीत तसा डोंगर नव्हता. आल्या आल्या मी आमच्या मदर सुपिरिअर, मदर क्लेलिया, यांना विचारलं होतं, "ज्वालामुखी कुठे आहे?" त्यांनी बोटाने जमीन दाखवली. अख्खं गावच ज्वालामुखीच्या तोंडात वसलेलं. गेली साडेचारशे वर्षं तो झोपला होता, पण त्या दोन वर्षांत त्याने कूस बदलायला घेतली होती. हवेला सडक्या अंड्याचा वास यायचा. जमीन भाकरीसारखी फुगत होती. बंदराचा धक्का इतका वर आला होता की होडीतून उतरायला कोळी शिड्या लावायचे. आणि फुगता फुगता जमीन थरथरायची. बारीक बारीक धक्के, एकदा सुरू झाले की फाटक्या पोत्यातून वाटाणे सांडावेत तसे एकामागून एक. मग पुन्हा कित्येक दिवस चिडीचूप.

मोठ्या वेधशाळेची यंत्रं गावात जागोजागी होती. पण आमच्या अंगणात, लिंबाच्या झाडाखाली, आमची स्वतःची वेधशाळा होती.

तिचे संस्थापक प्रोकोलो आजोबा. आयुष्य मासेमारीत गेलेलं, बायको जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मुलगे अर्जेंटिनात. आपल्या होडीवरची पितळी घंटा त्यांनी लिंबाच्या फांदीला मासेमारीच्या दोरीने टांगली होती आणि दोरीच्या टोकाला जाळ्याचं शिसं बांधलं होतं. जमीन हलली की शिसं हलणार, घंटा वाजणार. घंटा वाजली की सगळ्यांनी अंगणात यायचं, हा मदरचाच नियम. छप्पर कोसळलं तर डोक्यावर नको.

दुसऱ्या सभासद एर्सिलियाबाई. चाळीस वर्षं गावातल्या मुलांना पियानो शिकवला, लग्न केलं नाही. ताठ मान, पांढरेशुभ्र केस आणि गुडघ्यांना संधिवात. मी मनात त्यांना बाईच म्हणायचे, कारण आमच्या शाळेतल्या बाई अगदी अशाच होत्या. चुकलं तर डोळ्यांनीच छडी मारणाऱ्या. आश्रमात येताना त्यांनी आपला पियानो बरोबर आणला होता आणि तो वरच्या मजल्यावर त्यांच्या खोलीची निम्मी जागा अडवून बसला होता.

तिसऱ्या नुन्झियाता आजी. ठार बहिऱ्या. त्या भिंतीला तळहात लावून बसायच्या आणि धक्का आला की बोटं दाखवायच्या. पुष्कळदा घंटा वाजून सगळे बाहेर आले तरी नुन्झियाता आजी नकारार्थी मान हलवायच्या.

"म्हातारी झाली ती," प्रोकोलो आजोबा म्हणायचे. "हाताला काही कळत नाही तिच्या."

नुन्झियाता आजी त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान होत्या.

संध्याकाळी रेडिओवर मोठ्या वेधशाळेचे आकडे सांगत. ज्याचा अंदाज जवळचा निघे त्याला दुसऱ्याने एक लिंबू द्यायचं. एर्सिलियाबाईंच्या खिडकीत लिंबांची रांग लागलेली असायची. रेडिओवर मंडळींच्या निम्म्या भूकंपांचा पत्ताच नसायचा. मी एकदा मोडक्या इटालियनमध्ये तसं म्हणाले, तर प्रोकोलो आजोबांनी हात झटकला. "बारीक असतात ते. मोठ्या यंत्रांना मोठेच कळायचे."

मला या भूकंपांची पहिल्यांदा भीती वाटली, मग सवय झाली आणि मग, खरं सांगते, मी त्यांची वाट बघायला लागले. कारण आश्रमाची शिस्त कडक होती. खालचा मजला पुरुषांचा, वरचा बायकांचा. जेवणघरं दोन. चॅपेलमध्ये डावीकडे ते, उजवीकडे त्या. मदर क्लेलियांच्या किल्ल्यांचा जुडगा वाजला की कुजबुजही थांबायची. पण घंटा वाजली की घटकाभर सगळे एकत्र. कोणी गुडघ्याची तक्रार सांगतंय, कोणी दुसऱ्याच्या शालीची चेष्टा करतंय. माझं इटालियन मी त्याच घटकांमध्ये शिकले. मला घराची इतकी आठवण यायची की रात्री उशीत तोंड खुपसून रडायचे. मार्च लागला तेव्हा मी मदरना सांगून टाकलं होतं, मला परत पाठवा. मदर म्हणाल्या होत्या, बघू.

आणि मग तेच झालं ज्याची गावभर चर्चा होती. आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीला तडे गेले होते आणि सरकारी इंजिनियरने आश्रम रिकामा करायला सांगितलं. इतक्या सगळ्या म्हाताऱ्यांना एकत्र घेईल अशी जागा नव्हती. मदरनी रात्रीच्या प्रार्थनेनंतर सांगितलं, "पुरुष उत्तरेच्या डोंगरातल्या आश्रमात जातील. बायका रोमच्या पलीकडे. पुढच्या शनिवारी बस येतील. सिस्टर सेलिन, तुझीही इच्छा पूर्ण होईल. तू रोमहून मुंबईला जा."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण मी पुरुषांच्या बाजूला पाहिलं तर प्रोकोलो आजोबा आपल्या टोपीत काहीतरी हरवल्यासारखे बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे वामकुक्षीला गेलेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी वालाच्या शेंगा सोलत बसले होते. अंगणात प्रोकोलो आजोबा आले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग काठी उलटी धरून तिच्या मुठीने दोरी अशी अलगद ओढली, की घंटा खणखणली.

धाडधाड दारं उघडली. शाली, सपाता, जपमाळा, सगळे अंगणात. प्रोकोलो आजोबा जिन्याच्या पायथ्याशी पोचलेसुद्धा होते. एर्सिलियाबाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होत्या. शेवटच्या तीन पायऱ्यांवर आजोबांनी हात पुढे केला आणि बाईंनी त्यावर आपला हात ठेवला, जणू रोजचंच.

"सव्वादोन," आजोबा म्हणाले.

"दोन," बाई म्हणाल्या.

कोपऱ्यात नुन्झियाता आजींनी मान हलवली.

माझं डोकंच फिरलं. गर्दी पांगल्यावर मी त्यांना लिंबाखाली गाठलं. तेव्हाचं माझं इटालियन रागासाठी पुरेसं झालं होतं. "सिन्योर प्रोकोलो! तुम्ही घंटा वाजवलीत. मी पाहिलं. इतक्या आजारी माणसांना पळवता? लाज नाही वाटत?"

ते खाली बसले. एवढा मोठा माणूस, पण चोरून साखर खाताना पकडलेल्या पोरासारखा चेहरा.

"सगळ्यांना नाही पळवायचं मला," ते म्हणाले. "पण एकटीला बोलवायची घंटा कुठे मिळते?"

मला समजायला थोडा वेळ लागला.

"किती दिवस हे चाललंय?"

"पहिला भूकंप खरा होता, सुओर. देवाशपथ. त्या दिवशी त्या घाबरल्या होत्या आणि जिन्यावर माझा हात धरला. मग आठवडाभर भूकंप आला नाही." त्यांनी टोपी गुडघ्यावर चेपली. "मी तरी किती वाट बघणार? माझं वय काय आहे!"

"त्यांना माहीत आहे?"

"वेडी आहेस का! त्यांना सांगू नकोस. त्या परत माझ्याशी बोलणार नाहीत."

मी मात्र ठरवलं, सांगायचंच. शनिवारी सगळेच जाणार. त्या बिचाऱ्या बाईने दुखऱ्या गुडघ्यांनी शेकडो वेळा जिना का उतरला, हे तिला कळायला नको? मी वर गेले. बाई पियानोवरची धूळ पुसत होत्या. मी शब्द जुळवत, अडखळत सगळं सांगितलं. काठी, दोरी, घंटा.

बाईंनी फडकं नीट चौकोनी घडी करून ठेवलं.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. "इथे कान लाव."

मी पियानोच्या लाकडाला कान लावला. त्यांनी पायाने खालची पट्टी दाबली आणि पियानोच्या बाजूला मुठीने हलकेच ठोकलं. आत सगळ्या तारा मिळून घुमल्या. विहिरीत हाक मारावी तसा आवाज.

"खरा भूकंप आला की हा आधी बोलतो. मी रात्रंदिवस याच्या शेजारी असते." त्यांनी पट्टी सोडली, आवाज विझला. "घंटा वाजली आणि हा गप्प असला, की मला कळतं, भूकंप नाही. प्रोकोलो आहेत."

"म्हणजे तुम्हाला..."

"पहिल्या आठवड्यापासून."

"आणि तरी तुम्ही दर वेळी जिना उतरता? या गुडघ्यांनी?"

बाई माझ्याकडे अशा पाहत राहिल्या की मी पुन्हा शाळेत पहिल्या बाकावर बसले. मग त्यांच्या गालांवर चक्क लाली आली. "खऱ्या भूकंपाला मी एवढ्या लगबगीने उतरत नाही," त्या म्हणाल्या.

मी पलंगाच्या कडेवर बसून पोट धरून हसले. इटलीत आल्यापासून इतकी हसले नव्हते. त्याही हसल्या, हातरुमालात. मग एकदम ताठ झाल्या. "मी रोमला जाणार नाही. जा, त्यांना विचार, माझ्याशी लग्न करता का."

"मी विचारू?"

"मग कोण? मी विचारलेलं शोभेल?"

आमच्या गिरीजला लग्न जुळवणाऱ्या बायका असतात. नन होऊन मी त्यांच्या पंगतीला बसेन असं काही वाटलं नव्हतं. मी धावत खाली गेले. प्रोकोलो आजोबा अजून तिथेच होते, शेजारी नुन्झियाता आजी भिंतीला हात लावून.

इटालियनमध्ये 'स्पोझारे' म्हणजे लग्न करणं आणि 'स्पोस्तारे' म्हणजे हलवणं, एका जागेवरून दुसरीकडे नेणं. त्या दिवसांत गावात ज्याच्या त्याच्या तोंडी दुसरा शब्द होता. याला हलवलं, त्याला हलवलं. माझ्याही जिभेवर तोच बसला होता.

"सिन्योरा एर्सिलिया म्हणतात," मी धापा टाकत म्हणाले, "त्यांना तुम्हाला हलवायचंय."

आजोबांचा चेहरा उतरला. "मला? कुठे?"

"चर्चमध्ये! लवकरात लवकर. शनिवारच्या आत."

"असं त्या म्हणाल्या?"

"हो! त्यांना घंटेचं सगळं माहीत आहे."

"म्हणून हलवतायत?"

"हो, म्हणूनच! फार आनंदाने!"

आजोबा काठी टेकत उठले. डोळे भरून आले होते. "सांग त्यांना," ते म्हणाले, "हलवायची गरज नाही. मी आपणहून जातो." आणि ते खरंच आपल्या खोलीकडे निघाले. मला कळेना, एवढी चांगली बातमी सांगितली तर हा माणूस रडतो काय!

नुन्झियाता आजी ओठांवरून बोलणं ओळखायच्या. त्यांनी माझ्या दंडावर सणसणीत चापट मारली, आजोबांच्या कोटाची शेपटी पकडून त्यांना मागे ओढलं आणि त्यांच्या नाकासमोर स्वतःचं बोट धरलं. डाव्या हाताचं, अंगठीचं. मग वरच्या खिडकीकडे दाखवलं.

आजोबांनी बोटाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "स्पोझारे?" त्यांनी हळूच विचारलं.

"तेच! तेच तर म्हणतेय!"

त्यांनी माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले, नुन्झियाता आजींचे घेतले आणि मग हात पसरून लिंबाच्या झाडाला मिठी मारली. घंटा वाजली. पुन्हा सगळे अंगणात. "किती होता?" कोणीतरी विचारलं. "आठ!" आजोबा म्हणाले. "नऊ!"

मदर क्लेलियांना सांगायचं काम पुन्हा माझ्याकडे आलं. त्यांनी चष्मा काढून ऐकलं. "सिस्टर, हा वृद्धाश्रम आहे. लग्न जुळवणारी कचेरी नव्हे. पण माझ्या हातात काय आहे? फादर आत्तिलियो लावून देत असतील तर मी अडवणारी कोण."

फादर आत्तिलियो आमच्या पॅरिशचे धर्मगुरू. गोल चेहऱ्याचे, भित्रे, नियमाला पक्के. त्यांनी दोघांना समोर बसवून घेतलं.

"एक तर हा ईस्टरआधीचा उपवासकाळ, यात लग्नं लावत नाहीत. दुसरं, बाप्तिस्म्याचे दाखले लागतात. तुमचा बाप्तिस्मा झाला त्या चर्चची जुनी दप्तरं तो भाग खाली करताना पेट्यांत भरून कुठे नेलीत देव जाणे. तिसरं, तुमचं लग्न ठरल्याचं चर्चमध्ये आधी जाहीर करावं लागतं. शनिवारपर्यंत अशक्य."

"मग काहीच मार्ग नाही?" बाईंनी विचारलं.

"मरणाच्या धोक्यात असलेल्या माणसाचं लावता येतं. दाखल्याशिवाय, जाहीर न करता. शब्दावर विश्वास ठेवून." फादर प्रेमळ हसले. "पण तुम्ही दोघंही ठणठणीत आहात."

"फादर," प्रोकोलो आजोबा म्हणाले, "आपण ज्वालामुखीच्या तोंडात बसलोय!"

"तो साडेचारशे वर्षं झोपलाय. धोका म्हणजे असा दिसायला हवा. आत्ता कुठे आहे?"

आणि खरंच, नेमका तेव्हाच भूकंप थांबला. सोमवार गेला, मंगळवार गेला. शिसं टांगलेल्या जागी निपचित. अख्खा आश्रम लिंबाखाली बसून दोरीकडे टक लावून बघायचा. ज्या म्हाताऱ्या महिनोन् महिने भूकंप थांबावा म्हणून जपमाळ ओढत होत्या, त्या आता उलटं मागायला लागल्या. "फार मोठा नको गं आई, बेताचाच दे," असं एक आजी पुतळ्यापुढे हात जोडून म्हणताना मी ऐकलं. हसू कशी? मी स्वतः सकाळी चॅपेलमध्ये तेच मागून आले होते. प्रोकोलो आजोबांनी मात्र दोरीला हात लावला नाही. मी एकदा डोळ्यांनी खूण केली, तर म्हणाले, "नाही सुओर. बोलवायला खोटं ठीक होतं. लग्न खऱ्यावरच व्हायला पाहिजे."

शनिवार उजाडला. न्याहारीनंतर सगळ्यांच्या पिशव्या अंगणात आणून ठेवल्या. पियानो राहणार होता. एर्सिलियाबाई त्याचं झाकण लावून, त्यावर चादर घालून खाली आल्या. निळा पोशाख घातला होता, का ते कोणी विचारलं नाही. प्रोकोलो आजोबांनी दाढी करताना दोनदा कापून घेतलं होतं. दोघे नुसते शेजारी उभे होते. फादर आत्तिलियो निरोपाचा आशीर्वाद द्यायला आले. त्यांनी हात वर केला, "पित्याच्या, पुत्राच्या..." म्हणाले, आणि नुन्झियाता आजींनी भिंतीवरचा हात झटकन काढून पाचही बोटं वर केली.

मग आवाज आला. आधी जमिनीखालून, मोठी लाकडी गाडी फरसबंदीवरून जावी तसा. नंतर वरून, बंद खोलीतून, चादरीखालून पियानो घुमला. आणि मग अंगण हललं. कौलं खडखडली, पाण्याची बादली लवंडली, घंटा वेड लागल्यासारखी वाजू लागली. थांबलं म्हणेपर्यंत दुसरा धक्का. मग तिसरा. पोतं फाटलं होतं. फादर आत्तिलियोंनी लिंबाच्या खोडाला दोन्ही हातांनी मिठी मारली होती आणि त्यांच्या खांद्यांवर लिंबं पडत होती.

"तीनच्या वर," एर्सिलियाबाई म्हणाल्या.

"तीनच्या वर," प्रोकोलो आजोबा म्हणाले.

मी त्यांचं एकमत झालेलं पहिल्यांदा पाहिलं.

"फादर!" आजोबा पुढे झाले. "आता दिसतो का धोका?"

पुन्हा जमीन थरथरली. मागच्या भिंतीचा गिलावा धप्पकन पडला, कोणाच्या अंगावर नाही, पण धूळ उडाली. फादरनी डोळे घट्ट मिटले, उघडले. "उभे राहा," ते ओरडले. "दोघेही! इथे, माझ्यासमोर! बाप्तिस्मा झालाय? लग्नाला कसली आडकाठी नाही? शपथ घ्या! साक्षीदार? दोन साक्षीदार लागतात!"

मी पुढे झाले. दुसरं कोण? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. किल्ल्यांचा जुडगा वाजला. मदर क्लेलियांनी तो कमरेवरून काढून माझ्या हातात कोंबला, डोक्यावरची धूळ झटकली आणि एर्सिलियाबाईंच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "लवकर आटपा, फादर," त्या म्हणाल्या. "ही जमीन थांबायच्या आत."

अंगठी नुन्झियाता आजींनी दिली. बोटातून निघेना म्हणून मी स्वयंपाकघरातून साबण आणला. फादर खोड सोडायला तयार नव्हते, त्यामुळे नवरा-नवरीच त्यांच्याजवळ सरकले. "प्रोकोलो, हिचा स्वीकार करतोस?" "करतो!" "एर्सिलिया, याचा..." जमीन हलली, बाईंचा तोल गेला, आजोबांनी हात पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. "करते," त्या म्हणाल्या, अगदी हळू. पण नुन्झियाता आजींनी त्यांचे ओठ पाहिले आणि दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. मग काय, सगळं अंगण टाळ्या वाजवायला लागलं. खालून जमीन वाजत होती, वरून माणसं. आईने वसईहून पाठवलेल्या सुकेळ्यांचा, उन्हात वाळवलेल्या केळ्यांचा, पुडा मी पिशवीतून काढला आणि सगळ्यांना एकेक वाटली. लग्नाचं गोड तेवढंच. फादर आत्तिलियोंनी मात्र तीन खाल्ली.

दुपारपर्यंत सगळं शांत झालं. गावात कोणाला इजा झाली नाही.

पुढचं सांगायचं तर ते दोघे उत्तरेच्या डोंगरातच राहिले. तिथल्या मदरनी त्यांना कोपऱ्यातली खोली दिली. ते सात वर्षं नवरा-बायको होते आणि मला माहीत आहे, कारण मीही तिकडेच गेले. मुंबईचं तिकीट मी बसच्या दारातच मदरना परत दिलं होतं. त्यांनी कारण विचारलं नाही आणि मला तेव्हा सांगताही आलं नसतं. मी इटलीत चोवीस वर्षं काढली. आता गिरीजला आमच्या भावाच्या घराशेजारी कॉन्व्हेंटमध्ये असते आणि पोरं विचारतात, सिस्टर, ज्वालामुखी बघितलात का? तेव्हा त्यांना काय सांगू! माझ्या डोळ्यांपुढे येतो तो त्या दुपारचा बसचा दरवाजा.

दोन बस उभ्या होत्या. एक पुरुषांची, एक बायकांची. दारात नगरपालिकेचा एक तरुण कारकून, घामाघूम झालेला. प्रोकोलो आजोबा आणि एर्सिलियाबाई हातात हात घालून आले, तशी त्याने बाईंना थांबवलं. "सिन्योरा, तुमची बस मागची."

"हे नवरा-बायको आहेत," मदर क्लेलिया त्याच्या मागून म्हणाल्या. "एकत्र जातील."

कारकून गोंधळला. "पण मला कोणी सांगितलं नाही. आश्रमात तर पुरुष वेगळे, बायका वेगळ्या..." तो आजोबांकडे वळला. "किती वर्षं झाली लग्नाला?"

मदरनी आजोबांकडे पाहिलं. खोटं त्या बोलल्या नसत्या. आजोबांनी टोपी सरळ केली.

"न्याहारीपासून," ते म्हणाले.

कारकुनाने त्यांच्याकडे पाहिलं, मग बाईंच्या निळ्या पोशाखाकडे, मग बोटातल्या साबण लागलेल्या अंगठीकडे. मग त्याने डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली आणि दोघांनाही हात देऊन बसमध्ये चढवलं, आधी नवरीला.